दहा किलोचा पाईप

किशोर काळमेघला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर बसला की स्प्रेगन चालणार. मग खुर्चीच्या पाठीवर ब्रशचे फराटे राहणार नाहीत. लाकडाचा भुसा झाडूने ओढायचा, तो हवेने उडणार. स्कूटीच्या चाकात हवा घरच्या घरी. जमेला एवढंच. एवढ्यासाठी पन्नाशी ओलांडलेला दुकानदार भर चैत्रात, दुपारची झोप सोडून, भिंतीला भोकं पाडत नाही. आणि किशोर हिशेबाला कच्चा नव्हता.

खरी जमा अकोल्याला होती. तिथे त्याचा साडू श्याम, बायको आरतीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, डाळमिल चालवायचा. सतरा वर्षांत किशोरच्या कुठल्याही गोष्टीला श्याम 'बरं आहे' याच्या वर चढला नव्हता. किशोरने अमरावतीत बडनेरा रोडला घर बांधलं, 'बरं आहे'. पोरगी दंतवैद्य झाली, 'बरं आहे'. स्वतःच्या हाताने सागवानी झोपाळा केला, त्यावर श्याम बसला, दोन झोके घेतले आणि म्हणाला, "बरं आहे. कुठून आनला?" त्याच्या मिलीत नवीन मशीन आलं होतं, डाळीतला काळा दाणा ते हवेच्या फुंकरीने उडवून लावायचं. त्यासाठी मिलभर हवेच्या लाइना फिरलेल्या. किशोरने त्या पाहिल्या आणि त्याच रात्री त्याला मोबाईलवर परदेशातल्या लोकांच्या घरगुती वर्कशॉपा दिसायला लागल्या. भिंतीला हवेचे नळ! रंधा मारायच्या टेबलाशी एक, रंग द्यायच्या कोपऱ्यात एक, दाराशी एक. नळी खोचली की फुस्स.

"पान्याचे नळ आधी दुरुस्त करा," आरती म्हणाली. "मोरीतला दोन महिन्यांपासून गळून राह्यला."

पण किशोरचं ठरलं होतं. श्याम येईल, हवेचा नळ सोडेल, आणि एकदा तरी त्याच्या तोंडून 'वा' निघेल. एवढी ही कमाई.

हवेतलं कळणारा माणूस कॉलनीत एकच होता, शेषराव तायडे. बडनेऱ्याला रेल्वेच्या मालडब्यांच्या ब्रेकवर एकतीस वर्षं फिटर, जानेवारीत निवृत्त. रेल्वेचा ब्रेक हवेवर चालतो हे कॉलनीला शेषरावांमुळेच माहीत. किशोरच्या घरापासून चौथं घर त्यांचं. किशोरचा नमस्कार मोजून मापून असायचा. काम नसलं की शेषरावांना पाहून तो नुसती मान हलवी, काम असलं की लांबूनच मोठ्याने "जयभीम, शेषरावभाऊ!" म्हणे. त्या सकाळी त्याचा जयभीम तीन घरांना ऐकू गेला.

शेषराव आले. निवृत्तीनंतर त्यांच्या हातांना काही काम उरलं नव्हतं, आणि त्यांची बायको दुर्गाबाई त्यांना स्वैपाकघरातले डबे उघडून पाहण्यावरून रोज बोलत होत्या. त्यामुळे ते आले ते चष्मा, टॉर्च आणि एक जुनी वही घेऊनच. कॉम्प्रेसरच्या पायाखाली त्यांनी रबराच्या पट्ट्या घालायला लावल्या, नाहीतर घर थरथरेल. टाकीच्या खालचा छोटा नळ दाखवला. "हा रोज सोडायचा. हवेत पानी असते, ते टाकीत जमा होते. नाई सोडलं तर आतून गंजते." भिंतीवरून लाइन कशी न्यायची ते त्यांनी खडूने आखून दिलं, जरासा उतार ठेवून, म्हणजे लाइनीतलं पाणी शेवटच्या टोकाला येईल. काम इतकं नेमकं होतं की किशोरने पहिल्यांदा त्यांना पाण्याऐवजी चहा विचारला.

त्या चहावरच किशोरने आणखी एक गोष्ट जुळवली. श्यामच्या मिलीतल्या लाइनींमधून हवा गळत होती, कुठून ते कोणाला सापडत नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस येऊन कानाने गळती शोधणारा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहणारा माणूस त्याला हवाच होता. किशोरने शेषरावांसमोरच फोन लावला. स्पीकरवरून श्यामचा आवाज आला, "पुढच्या रविवारी येतोच आमी दोघं. तुमचं ते हवेचं बी पाहू आन मानूस बी पाहून घेऊ."

फोन ठेवल्यावर शेषराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "दोन दिवस म्हनजे लय झाले," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी दोरीवर त्यांचा रेल्वेतला निळा डांगरीचा ड्रेस वाळत घातलेला कॉलनीने पाहिला. विचारणाऱ्याला त्या सांगत, "अकोल्याच्या मिलवाल्यानं बलावलं त्याईले."

आता पाईपाकडे येऊ.

शेषरावांनी लोखंडी जीआय पाईप सांगितला होता. किशोरचं दुकान कॉटन मार्केटजवळ, मोटारपंप आणि पीव्हीसी पाईपचं. वीस वर्षं तो शेतकऱ्यांना पाईप विकत आला होता. पाईपवर चार किलो, सहा किलो, दहा किलो असं छापलेलं असतं. तेवढा दाब तो सोसतो. शेतकरी दुकानात येऊन पाईपची लांबी नंतर सांगतो, आधी विचारतो, "किती किलोचा?" किशोर बोटाची पेरं फिरवून सांगायचा, डोळे मिटून, हा सहाचा, हा दहाचा. त्याच्या गोदामात पाऊण इंची दहा किलोचे तुकडे पडून होते.

"शेषरावभाऊ," तो म्हणाला, "कॉम्प्रेसर किती किलो हवा भरते?"

"आठ."

"आन माह्या पाईपवर दहा लिहून हाये. दोन किलो शिल्लक राह्यते. लोखंड काऊन पायजे मंग?"

शेषराव हसले. "ते किलो पान्याचे हायेत, भाऊ. हवेचे नाई."

"किलो म्हनजे किलो. पान्याचा किलो वेगळा आन हवेचा वेगळा, असं कुठं असते?"

"पानी दबत नाई," शेषराव शांतपणे सांगू लागले. "पाईप फुटला तं पानी जागच्या जागी सांडते, तुमाले वल्लं करते, बस. हवा दबून बसते. फुटली का सारी एका टायमाले बायेर येते, आन पीव्हीसीचे तुकडे चाकूवानी घेऊन येते. त्यात हे टिनाचं शेड. इथं उन्हात पीव्हीसी नरम पडते, तुमचे दहा किलो पाच बी राह्यत नाई. आमच्या रेल्वेत पाच किलोवर अख्खी मालगाडी थांबते, आन तुमी आठ किलो प्लास्टिकात भरून राह्यले?"

हे सगळं त्यांनी चहाचा कप हातात धरून, कोणालाही कमी न लेखता सांगितलं. पण आरती तिथेच बिस्किटांची बशी घेऊन उभी होती, आणि बायकोसमोर पाईपाविषयी दुसऱ्या कोणी शिकवावं हे किशोरला झोंबलं.

"पाईप मले नोका शिकवू, शेषरावभाऊ," तो हसत म्हणाला, "मी तुमाले रेल्वे शिकवतो का?"

"तसं नाई..."

"आनतो, आनतो लोखंड. मस्करी करून राह्यलो."

शेषराव दुसऱ्या दिवशी चांदूर रेल्वेला गेले. त्यांची थोरली मुलगी दीपमाला तिथल्या दवाखान्यात नर्स होती, तिची रात्रपाळी लागली की नातवाजवळ कोणीतरी लागायचं. आठ दिवस ते तिकडे राहिले. त्या आठ दिवसांत किशोरने खडूच्या रेघेवरून, शेषरावांनी दिलेला उतार तंतोतंत सांभाळून, दहा किलोचा पीव्हीसी चिकटवला. कोपरे, नळ, क्लिपा. काम देखणं झालं. मग तो बाजारातून चंदेरी रंगाचा डबा घेऊन आला आणि राखाडी पाईपला दोन हात दिले. दुरून पाहिलं तर पाईप लोखंडाचा.

आपलं बरोबर आहे असं ज्याला वाटतं, तो पाईप रंगवत बसत नाही. किशोरलाही हे ठाऊक असावं, कारण आरतीने "हे काऊन रंगवलं?" विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शो येते." आणि तिच्याकडे न पाहता ब्रश धुवायला गेला.

रविवारी उन्हाने सकाळी दहालाच चव्वेचाळीसचा रंग धरला होता. शेडच्या टिनाखाली उभं राहवत नव्हतं, तरी किशोरने सगळ्यांना तिथेच उभं केलं. तो, आरती, श्याम, त्याची बायको करिश्मा, कॉलनीतले देवराव, जे बँकेतून निवृत्त होऊन कॉलनीचे अध्यक्ष झाले होते, आणि त्यांच्यासोबत आलेले तिघे शेजारी. आणि शेषराव. ते आदल्या दिवशीच चांदूरहून परतले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. श्यामला भेटायचं म्हणून.

आत येताच शेषरावांची नजर भिंतीवरच्या लाइनीवर गेली. चंदेरी, सरळ, उतार बरोबर. "जीआय लावला," ते समाधानाने म्हणाले. "बरं केलं."

"हो मंग," किशोर म्हणाला.

ते एका पाईपाजवळ गेले. हात वर केला, बोट दुमडलं, आणि पाहुण्यांकडे पाहून पुन्हा खाली आणलं.

किशोरने बटन दाबलं. कॉम्प्रेसर दणदणला, काटा चढू लागला. सहा, सात, आठ. बंद झाला. किशोरने रंगाच्या कोपऱ्यातला हवेचा नळ सोडला आणि एका जुन्या स्टुलावर स्प्रेगन फिरवली; अंगाला तेल लावावं तसा रंग बसला. मग नळी टेबलावर फिरवली, भुसा ढग होऊन दाराबाहेर गेला. करिश्मा टाळ्या वाजवून म्हणाली, "भाऊजी, आमच्या घरचा कूलर बी असाच साफ करून द्या ना!"

श्यामने स्वतः नळी हातात घेतली. दोनदा फुस्स केलं. भिंतीवरच्या लाइनीवरून नजर फिरवली, इकडून तिकडे. आणि म्हणाला, "वा, साडभाऊ."

झालं. सतरा वर्षांचं येणं वसूल झालं. किशोरने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, तेवढ्यात आरती चहाचा ट्रे घेऊन दारातून आत आली, आणि कॉम्प्रेसरजवळचा कोपरा फुटला.

आवाज बंदुकीसारखा. मग धूळ, मग हवेची लांब किंकाळी. देवराव खाली बसले, करिश्मा ओरडली. सगळ्यांच्या आधी शेषराव हलले. एका पावलात टाकीचा नळ बंद, दुसऱ्या हाताने बटन बंद. शांत झालं तेव्हा ट्रे जमिनीवर होता आणि आरती डावा दंड धरून उभी होती. बोटांतून रक्त येत होतं. शेषरावांनी खिशातला रुमाल काढून दंडावर दाबून धरला.

जमिनीवर पाईपाचे तुकडे पडले होते. बाहेरून चंदेरी, मोडलेल्या कडेला राखाडी. श्यामने एक तुकडा उचलून उन्हाकडे धरला.

"हे तं पीव्हीसी हाये. हवेले पीव्हीसी कोनं लावलं?"

किशोरला उत्तर द्यायला फार तर दोन श्वास मिळाले. त्या दोन श्वासांत त्याच्यासमोर काय काय होतं! नुकताच मिळालेला 'वा', सात माणसं, आणि रुमाल धरून खाली वाकलेला एक माणूस, ज्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"शेषरावभाऊच्याच सल्ल्यानं लावला," तो म्हणाला. "ते म्हनले, दहा किलोचा हाये, चालते."

स्वतःचंच वाक्य त्याने दुसऱ्याच्या तोंडात घातलं. नवीन वाक्य शोधायचीही तसदी घेतली नाही.

शेषरावांनी मान वर केली. किशोरकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. किशोर आता लगेच 'मस्करी केली' म्हणेल, अशी वाट पाहणं होतं. तीन-चार सेकंद त्यांनी त्याला दिले. किशोरने ते फडकं झटकण्यात घालवले.

"अशाच लोकाईच्या हाती रेल्वे हाये म्हना," श्याम म्हणाला. देवराव 'हं' करून हसले, त्यांच्यासोबतचा एकजणही हसला.

'अशाच' म्हणजे कशा, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. किशोरच्या तेव्हा लक्षात आलं की खोटं बोलायला त्याला काही मेहनत करावी लागली नव्हती. त्या खोट्यासाठी जागा सगळ्यांच्या डोक्यात आधीच झाडूनपुसून तयार होती, त्याने फक्त नेऊन ठेवलं.

शेषरावांनी रुमालाची गाठ मारली. "ताईले टाके लागतीन," ते आरतीकडेच पाहत म्हणाले. "डॉक्टरले सांगा, आत बारीक तुकडा असन. प्लास्टिकचा हाये म्हना, लोखंडाचा नाई." आणि मागच्या फाटकाने निघून गेले. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर आरतीचं रक्त होतं.

पाच टाके पडले. दवाखान्यातून परतताना गाडीत आरती म्हणाली, "तुमी तिथं काय म्हनले?"

"घाईघाईत निघालं तोंडातून."

"पान्याचे किलो, हवेचे किलो, सारं ऐकलं मी. बिस्किटं कोन देऊन राह्यलं होतं?"

"श्यामराव समोर होते ना!"

"मी बी चूप राह्यली," आरती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "त्याईनं माह्या हाताले रुमाल बांधला, आन मी चूप राह्यली. मले माही लाज वाटते. तुमची तुमी पाहा."

दोन दिवस तिने त्याला जेवायला वाढलं, पण आणखी काय हवं हे विचारलं नाही. वाढण्यात काही कमी नव्हतं. कमी होतं ते किशोरला प्रत्येक घासाला कळत होतं. मंगळवारी सकाळी तो अकोल्याला गेला.

मिलीच्या ऑफिसात श्याम एकटाच होता. बाहेर मशीनची घरघर, सगळ्यावर डाळीची पिवळी पूड. किशोरने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पाईप माझा, हट्ट माझा, रंग माझा. शेषरावांनी नको म्हटलं होतं.

"बसा तं आधी," श्याम म्हणाला. "मले का समजत नाई? पाईप तुमच्या दुकानातला. वरून चंदेरी रंग, ब्रशचे फराटे दिसून राह्यले होते. रेल्वेचा मानूस असे धंदे करन का?"

किशोर खुर्चीत बसला तो बसतच गेला. "मंग तुमी तवा बोलले काऊन नाई?"

"तुमी आमचे साडभाऊ. चार लोकाईत तुमाले उघडं पाडू का?"

"आता बलावा मंग त्याईले कामाले."

श्यामने टेबलावरची डाळ बोटाने गोळा केली, एक ढीग केला. "कंपनीचा मानूस लावला कालपासून. आन खरं सांगू? आमच्या बाबूजीले आधीच ते पटत नव्हतं. आपल्यातला कोनी पाहा म्हनत. मी म्हनत होतो, काय सांगावं किशोरभाऊले, कसं नाई म्हनावं? तुमीच सोडवलं." तो हसला. "चहा घेता का जेवूनच जाता?"

किशोर जेवला नाही. मिलीच्या फाटकाबाहेर येईपर्यंत त्याच्या बुटांना डाळीची पूड लागली होती. अमरावतीपर्यंत त्याने ती झटकली नाही. आपण केवढं सोयीचं खोटं बोललो, हे त्याला गाडीत बसल्यावर नीट मोजता आलं. साडूची अडचण गेली, त्याच्या वडिलांचं मन राहिलं, स्वतःची लाज वाचली. एका वाक्यात तिघांची कामं.

घरी न जाता तो थेट चौथ्या घरी गेला. दुर्गाबाईंनी दार उघडलं, 'या' म्हटलं नाही, आत जाऊन आवाज दिला. शेषराव ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या मागे खोलीत भिंतीला बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खुंटीला निळी डांगरी, इस्त्री मोडलेली नव्हती.

"मी अकोल्याहून येऊन राह्यलो," किशोर म्हणाला. "खरं सांगून आलो."

"कोनाले?"

"श्यामरावले."

"तिथं आखीन कोन होतं?"

"आमी दोघंच."

शेषरावांनी मान हलवली. "खोटं बोलले तवा मले-तुमाले धरून नऊ जन होते, भाऊ. खरं दोघात सांगून आले."

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, दुर्गाबाईंनी तिला हाक मारली नाही.

"माही बी चूक झाली," शेषराव म्हणाले. किशोरने चमकून वर पाहिलं. "पाईपले टिचकी मारून पाह्याले पायजे होती. लोखंड वाजते, पीव्हीसी बद्द करते. एकतीस वर्षं एक बी डबा वाजवल्याबिगर सोडला नाई मी. त्या दिवशी हात वर केला, आन म्हनलं, पाव्हने उभे हायेत, यजमानाचा पाईप वाजवून पाहनं बरं नाई दिसत. त्याईले वाटन, तायडे इस्वास ठेवत नाई. चांगलं दिसाव म्हनून हात खाली घेतला." ते आपल्या बोटाकडे पाहत होते. "ताईचा हात त्याच्यानं कापला. मले तेच टोचून राह्यलं. बाकी तुमी काय बोलले, ते आमाले नवीन नाई."

माफी मागायला आलेला किशोर माफी न मागताच उठला. जो माणूस स्वतःच्या न मारलेल्या टिचकीची लाज धरून बसला होता, त्याच्यासमोर आपली लाज कुठे ठेवावी, हे त्याला कळेना.

पुढच्या रविवारी त्याने देवरावांना आणि त्या तिघांना पुन्हा बोलावलं. श्याम आणि करिश्माला येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि मोबाईल टेबलावर डब्याला टेकवून उभा केला. शेषरावांकडे तो स्वतः बोलवायला गेला होता; दुर्गाबाईंनी दारातूनच सांगितलं, "ते नाई येत." तरी शेडमध्ये त्यांच्यासाठी एक खुर्ची मांडली होती.

किशोर उभा राहिला. शब्द पाठ केले होते. "त्या दिवशी मी खोटं बोललो. शेषरावभाऊनं पीव्हीसी लावू नोका म्हनलं होतं. मीच लावला. त्याईले कळू नये म्हनून रंग बी मीच मारला."

मग देवराव उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"किशोरभाऊ, बस झालं. मानूस चांगला असाव, पन इतका बी नाई. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायची म्हनजे..."

"अहो, खरंच मीच..."

"आमाले का समजत नाई? शेजारी हाये, रिटायर मानूस, त्याचं नाव राहाव म्हनून तुमी करून राह्यले. मोठं मन पायजे याले."

"ते खरं सांगून राह्यले," दारातून आरती म्हणाली. पट्टी बांधलेला हात तिने पदराआड घेतला नव्हता. "मी सवता ऐकलं होतं."

"वहिनी, तुमी तं पाच टाके पडून बी बोलून राह्यल्या," देवराव गहिवरले. "जोडी हाये बाप्पा!"

बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. मोबाईलमधून श्याम, ज्याला सगळं ठाऊक होतं, म्हणाला, "आमचे साडभाऊ असेच हायेत पह्यलेपासून." करिश्माने डोळे पुसले.

किशोरने तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं. रंगाचा डबा फळीवर होता, तो दाखवता आला असता. दुकानातला उरलेला पाईप शेडच्याच कोपऱ्यात उभा होता. पण चार माणसं त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होती, जशा नजरेने त्याच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. ते त्याला बरं वाटलं. क्षणभरच, पण तेवढ्यात तोंड मिटलं, आणि मिटलेलं पुन्हा उघडायचं राहून गेलं. आरतीने ते पाहिलं. ती आत गेली आणि चहा घेऊन बाहेर आली नाही; देवरावांनीच तिला हाक मारून सांगितलं, राहू द्या वहिनी, हात दुखत असन.

आता कोणी किती भरलं ते. श्यामने काही भरलं नाही, त्याच्याकडे कंपनीचा माणूस येतो. देवराव आणि मंडळींनी काही भरलं नाही. त्यांना एक चांगला माणूस पाहायला मिळाला. आरतीने डाव्या दंडावर पाच टाके भरले, आणि नवऱ्याकडे पाहायची सवय मोडावी लागली तिला. शेषरावांनी अकोल्याचं काम भरलं, एकतीस वर्षांचं नाव भरलं, आणि अजूनही भरतात, कॉलनीत कोणाच्या पंपाशी ते उभे राहिले की कोणीतरी हसून विचारतं, "शेषरावभाऊ, किती किलोचा लावू?" किशोर तेवढा भरायला निघाला होता, पण त्याच्याकडून कोणी काही घेतलं नाही. उलट कॉलनीच्या पुढच्या बैठकीत त्याला उपाध्यक्ष केलं. सगळी वसुली चौथ्या घरातून झाली, आणि पावती किशोरच्या नावाने फाटली.